भौगोलिक आकडेवारी: विहिरीच्या कठड्यापासून छापील नकाशापर्यंत

भौगोलिक माहितीचा अभ्यास संगणकावर करायचा म्हटले की बहुतेकांचा हात आधी सॉफ्टवेअरकडे जातो. आकडे भरले, दोन-चार बटणे दाबली की तासाभरात रंगीत आणि देखणा नकाशा समोर येतो, आणि तो चुकीचा असला तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण नकाशातील चूक तक्त्यातल्या चुकीसारखी डोळ्यांना खुपत नाही. म्हणून या लेखात संगणकाआधीच्या कामाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. समजावून सांगण्यासाठी एकच उदाहरण बहुतेक ठिकाणी वापरले आहे: एका लहान नदीखोऱ्यातील विहिरींमध्ये पाणी किती खोल आहे, ते कोठे अधिक खोल जाते आणि का. उदाहरणातील आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, परंतु त्यांवरची आकडेमोड वाचकाने एकदा तरी कागदावर करून पाहावी.

प्रश्न आणि एकक

"पाण्याचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "कोरड्या ऋतूच्या अखेरीस नदीपासून जसजसे दूर जावे तसतशी विहिरींतील पाणीपातळी खोल जाते का, आणि जात असेल तर त्यामागे जमिनीची उंची आहे की खडकाचा प्रकार" हा प्रश्न आहे. तो अशा शब्दांत लिहिला की तक्त्यात कोणते स्तंभ लागतील हे आपोआप ठरते: विहिरीचे स्थान, मोजणीची तारीख, पाण्याची खोली, नदीपासूनचे अंतर, उंची आणि खडक. यापलीकडची माहिती "पुढे कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून गोळा करण्याचा मोह टाळावा, कारण मोजणाऱ्याचा कंटाळा वाढतो आणि त्याबरोबर चुकाही वाढतात.

त्यानंतर अभ्यासाचे एकक ठरवावे. आपण विहिरींविषयी बोलणार आहोत, गावांविषयी की पाणलोट क्षेत्रांविषयी? हा निर्णय किरकोळ वाटतो, पण निष्कर्ष उलटा करण्याची ताकद त्यात असते. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतील आकडे घेऊन परदेशात जन्मलेले असणे आणि निरक्षर असणे यांचा संबंध तपासला. व्यक्तींच्या पातळीवर सहसंबंध गुणांक (दोन गोष्टींचे नाते −१ ते +१ यांत सांगणारा आकडा) सुमारे +०.१२ आला, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता किंचित अधिक होती. राज्यांच्या पातळीवर मात्र तोच गुणांक सुमारे −०.५३ आला. स्थलांतरित लोक ज्या राज्यांत जाऊन राहिले होते तेथील स्थानिक लोक अधिक साक्षर होते, इतकेच त्याचे कारण. गावाच्या सरासरीवरून त्या गावातल्या एखाद्या विहिरीविषयी विधान करणारा अभ्यासक नेमकी हीच चूक करत असतो.

सीमारेषांचे दुखणे आणखी वेगळे आहे. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) निरनिराळ्या पद्धतींनी एकत्र जोडून मोठे विभाग बनवले आणि वृद्धांचे प्रमाण व एका पक्षाला मिळालेली मते यांचा सहसंबंध प्रत्येक वेळी नव्याने काढला. मूळ आकडे तेच राहिले, तरी गुणांक जवळपास −१ पासून +१ पर्यंत कोठेही नेता आला. हे एकदा समजले की "तालुकानिहाय विश्लेषण केले" या वाक्यानंतर "तालुकाच का?" हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. शक्य तेथे आकडे सर्वांत लहान एककावर गोळा करावेत, कारण लहान एकके नंतर जोडता येतात, पण मोठ्या एककांचे आकडे तोडता येत नाहीत.

नमुना निवडताना

खोऱ्यात ४०० विहिरी असतील आणि वेळ ४० विहिरींपुरताच असेल, तर कोणत्या ४०? रस्त्यालगतच्या विहिरी मोजणे सोपे असते, परंतु रस्ते सखल आणि सपाट भागातून जातात, वस्तीही तेथेच असते, आणि त्यामुळे उपसाही तेथेच जास्त होतो. असा सोयीचा नमुना खोऱ्याचे नव्हे, तर रस्त्याचे चित्र देतो. सर्व विहिरींची यादी उपलब्ध असेल तर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, क्रमांक घेऊन निवड करावी. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये प्रत्येक विहिरीसमोर यादृच्छिक संख्या टाकून, त्या संख्या मूल्य म्हणून गोठवून, त्यांच्या क्रमाने पहिल्या ४० घेणे हा सोपा मार्ग आहे. गोठवण्याची पायरी विसरली तर तक्ता पुन्हा उघडताच संख्या बदलतात आणि आपण नेमका कोणता नमुना निवडला होता हे आपल्यालाच सांगता येत नाही.

आपल्या प्रश्नासाठी मात्र स्तरित नमुना अधिक योग्य ठरेल. खोऱ्याचा बहुतेक भाग एकाच खडकाचा असेल तर साध्या यादृच्छिक निवडीत दुसऱ्या खडकावरील दोन-तीनच विहिरी हाती लागतील आणि तुलनाच करता येणार नाही. म्हणून आधी खडकानुसार स्तर पाडून प्रत्येक स्तरातून स्वतंत्र यादृच्छिक निवड करावी. लहान स्तरातून प्रमाणापेक्षा जास्त विहिरी घेतल्या असतील, तर संपूर्ण खोऱ्याची सरासरी काढताना प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या वाट्याइतका भार द्यावा लागतो, हे मात्र विसरू नये.

प्रत्यक्ष नोंद

क्षेत्रावर कागद न्यावा की मोबाइल, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही न्यावेत. ओडीके कलेक्ट, कोबोटूलबॉक्स किंवा क्यूफील्ड यांसारखी साधने इंटरनेट नसतानाही नोंद घेतात, स्थान आपोआप टिपतात आणि मूल्यांना मर्यादा घालू देतात. या शेवटच्या सोयीचा पुरेपूर वापर करावा. खोलीच्या रकान्यात ० ते ४० याबाहेरचा आकडा स्वीकारू नये असे ठरवले, तर दशांश चिन्ह विसरून लिहिलेला ५२ तेथल्या तेथे अडतो.

मोबाइलचे स्थान मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते; झाडांच्या दाटीत, उंच भिंतीलगत किंवा अरुंद घळीत ते बरेच घसरते. विहिरीजवळ पोहोचल्याबरोबर बटण न दाबता अर्धा-एक मिनिट थांबावे, पडद्यावरील अचूकतेचा आकडा स्थिर होऊ द्यावा आणि तो आकडाही नोंदवावा. मोबाइलने दिलेली उंची मात्र वापरू नये. उपग्रहीय स्थाननिश्चिती मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देते, आणि ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा ठिकाणानुसार सुमारे शंभर मीटरपर्यंत वेगळी असू शकते. काही उपकरणे ही दुरुस्ती करून देतात, काही देत नाहीत. उंचीसाठी फेब्रुवारी २००० मधील अवकाशयान मोहिमेतून तयार झालेले एसआरटीएम हे सुमारे ३० मीटर विभेदनाचे, म्हणजे साधारण तेवढ्या बाजूच्या चौकोनाला एक उंची देणारे, उंचीचे प्रतिमान मोफत मिळते, ते वापरावे.

आता मोजणी. फीत पाण्याला टेकली तेव्हा आपण ती कोठून धरली होती? कठड्याच्या माथ्यावरून धरली असेल तर कठड्याची उंची वजा केल्याशिवाय ती जमिनीपासूनची खोली होत नाही, आणि कठडे काही सगळे सारख्या उंचीचे नसतात. फितीवर ६.० मीटर आणि कठडा ०.८ मीटर असेल तर नोंद ५.२ मीटर होते. दोन्ही आकडे स्वतंत्र रकान्यांत लिहावेत आणि वजाबाकी संगणकावर सोडावी. विहिरीवर थोड्या वेळापूर्वी पंप चालू होता का, हेही विचारून लिहावे. उपसा थांबल्यावर पाणी हळूहळू चढत असते, आणि अशी नोंद इतर नोंदींबरोबर सरसकट जोडता येत नाही.

तक्त्याची शिस्त

एका ओळीत एका विहिरीची एका तारखेची एकच नोंद असावी. दोन कप्पे जोडून टाकलेली शीर्षके, मध्येच घातलेल्या एकूण बेरजेच्या ओळी आणि "लाल रंग म्हणजे संशयित" यांसारख्या रंगाच्या खुणा माणसाला समजतात. सॉफ्टवेअरला समजत नाहीत. संशयित नोंदीसाठी वेगळा स्तंभ ठेवावा. माहिती मिळाली नसेल तर कप्पा रिकामा सोडावा आणि तेथे शून्य टाकू नये, कारण शून्य मीटर खोली म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला आले आहे असा अर्थ होतो.

नावांवरून तक्ते जोडण्याची सवय सर्वांत महागात पडते. एकाच गावाचे नाव एका यादीत ऱ्हस्व, दुसऱ्या यादीत दीर्घ, तिसऱ्या यादीत मागे एक अदृश्य रिकामी जागा घेऊन येते आणि संगणकाच्या दृष्टीने ती तीन वेगळी गावे असतात. म्हणून प्रत्येक एककाला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि जोडणी फक्त त्यावरूनच करावी. हा क्रमांक मजकूर म्हणून साठवावा, अन्यथा एक्सेल ०४२ मधील आरंभीचे शून्य गाळून ४२ करते आणि जोडणी पुन्हा फसते. देवनागरी मजकूर असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा तक्ता) साठवताना यूटीएफ-८ हा अक्षरसंकेताचा पर्याय निवडावा. तो न निवडल्यास सगळी नावे प्रश्नचिन्हांत बदललेली सापडण्याची शक्यता असते.

अक्षांश-रेखांशांत दोन चुका वारंवार आढळतात. पहिली अंश, मिनिटे आणि सेकंदांची. २०° १५′ ३६″ हे दशांश अंशांत लिहिताना १५ ला ६० ने आणि ३६ ला ३६०० ने भागून २० मध्ये मिळवावे लागते, म्हणजे २० + ०.२५ + ०.०१ = २०.२६. घाईत लोक २०.१५३६ असेच लिहून टाकतात. फरक ०.१०६४ अंशाचा, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्यामुळे विहीर जागेवरून जवळपास १२ किलोमीटर सरकते. दुसरी चूक अदलाबदलीची: अक्षांश रेखांशाच्या जागी गेला की सगळे बिंदू भलत्याच खंडात किंवा समुद्रात पडतात. ही चूक निदान दिसते तरी. दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवले तर सुमारे ११ मीटर आणि पाच अंक ठेवले तर सुमारे १ मीटर इतका बारकावा मिळतो. मोबाइलच्या नोंदीला पाच अंक पुरेसे आहेत.

नकाशाचे प्रक्षेपण

क्यूजीआयएस हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर या सगळ्या कामाला पुरते. सीएसव्ही फाइल बिंदूंच्या थराच्या रूपात आत घेताना कोणता स्तंभ क्ष म्हणजे रेखांशाचा आणि कोणता य म्हणजे अक्षांशाचा, आणि निर्देशांक प्रणाली, म्हणजे स्थान आकड्यांत सांगण्याची पद्धत, कोणती, हे विचारले जाते. मोबाइलच्या नोंदींसाठी डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे ईपीएसजी ४३२६, निवडावी.

ही प्रणाली स्थान सांगते, परंतु अंतर किंवा क्षेत्रफळ मोजण्यासाठी ती योग्य नाही, कारण तिचे एकक अंश आहे आणि रेखांशाचा अंश सर्वत्र सारख्या लांबीचा नसतो. विषुववृत्तावर तो सुमारे १११ किलोमीटरचा असतो. ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्माच उरतो. नदीपासून विहिरीचे अंतर काढण्याआधी सर्व थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत बदलून घ्यावेत. लहान क्षेत्रासाठी यूटीएम सोयीची आहे. तिच्यात पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंश रुंदीचे ६० पट्टे पाडलेले आहेत आणि आपले खोरे कोणत्या पट्ट्यात येते एवढेच पाहायचे असते. इंटरनेटवरच्या बहुतेक नकाशांचे वेब मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर मांडण्याची एक रीत) पार्श्वभूमीपुरते ठीक आहे, पण ६० अंश अक्षांशावर ते अंतर दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दाखवते. मोठ्या प्रदेशाची घनता दाखवणाऱ्या नकाशासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण न बिघडवणारे, प्रक्षेपणच घ्यावे.

येथे एक गफलत नेहमी होते. थराला "प्रणाली नेमून देणे" आणि थर "दुसऱ्या प्रणालीत रूपांतरित करणे" या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत फक्त चिठ्ठी बदलते, आकडे तेच राहतात. दुसरीत आकडेच नव्याने काढले जातात. अंशातील थराला यूटीएमची चिठ्ठी चिकटवली तर २०.२६ अंशाचे २०.२६ मीटर होतात आणि सगळे खोरे एका अंगणात मावते.

आकड्यांची पहिली चाळणी

विश्लेषणाची सुरुवात सरासरीने न करता आकड्यांकडे नुसते पाहून करावी. समजा आठ विहिरींची खोली मीटरमध्ये अशी आहे: ४.२, ५.१, ४.८, ६.०, ५.५, ४.६, ५.८ आणि १८.०. बेरीज ५४.०, सरासरी ६.७५ मीटर. आठांपैकी सात विहिरी या "सरासरी" विहिरीपेक्षा उथळ आहेत! चढत्या क्रमाने लावल्यास मधले दोन आकडे ५.१ आणि ५.५ येतात, म्हणून मध्यक ५.३ मीटर. सरासरी आणि मध्यक यांत इतके अंतर दिसले की कोठेतरी एखादा आकडा उंच उडाला आहे असे समजावे. येथे प्रमाण विचलनही (आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप) ४.५९ मीटर येते, म्हणजे सरासरीच्या दोन तृतीयांशाहून अधिक.

आता १८ चे काय करायचे? तो गाळून टाकण्याची घाई करू नये. ती खरोखर खोल विहीर असेल, शेजारची कूपनलिका चुकून नोंदली गेली असेल, किंवा दशांश चिन्ह चुकले असेल. क्षेत्रावरील वही काढली आणि तेथे "१८ फूट" असे लिहिलेले सापडले. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, त्यामुळे ही खोली ५.४९ मीटर झाली. दुरुस्तीनंतर सरासरी ५.१९ मीटरवर आली, प्रमाण विचलन ४.५९ वरून ०.६२ पर्यंत खाली आले, आणि मध्यक मात्र ५.३ च्या ५.३ च राहिला. माझ्या स्वतःच्या एका जुन्या कामात अशीच फुटांतली नोंद आठवडाभर लपून राहिली होती. त्या जागी नकाशावर एक सुरेख खोल खड्डा दिसत होता, आणि तो तेथे का आहे याचे भूशास्त्रीय स्पष्टीकरणही मी लिहून ठेवले होते.

दर काढताना लहान लोकसंख्येकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. २०० लोकसंख्येच्या वस्तीत एखाद्या आजाराचे २ रुग्ण असले तर दर हजारी १० होतो, आणि २०,००० लोकसंख्येच्या गावात ६० रुग्ण असले तर दर हजारी ३. नकाशावर वस्ती गडद लाल आणि गाव फिकट. पण वस्तीत एकच रुग्ण कमी असता तर दर निम्म्यावर आला असता. गावात एक रुग्ण कमी असता तर काहीच फरक पडला नसता. अशा नकाशात सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट रंग बहुधा लहान वस्त्यांनाच मिळतात. त्यावर उपाय म्हणजे काही वर्षांचे आकडे एकत्र करणे किंवा रुग्णांची मूळ संख्या दराच्या शेजारी छापणे.

बिंदूंची मांडणी आणि शेजाऱ्यांचा प्रभाव

विहिरी एकवटलेल्या आहेत की विखुरलेल्या, याचे उत्तर निकटतम शेजारी निर्देशांकाने देता येते. क्लार्क आणि इव्हान्स यांनी तो १९५४ मध्ये मांडला. प्रत्येक बिंदूपासून सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंतच्या अंतरांची सरासरी काढून तिला अपेक्षित अंतराने भागायचे. अपेक्षित अंतर म्हणजे घनतेच्या वर्गमुळाच्या दुपटीने १ ला भागून येणारी संख्या. उत्तर १ च्या जवळ असेल तर मांडणी यादृच्छिक, ० कडे झुकत असेल तर एकवटलेली, आणि सर्वाधिक समान अंतराच्या मांडणीत ते २.१५ च्या आसपास पोहोचते. २०० चौरस किलोमीटरमध्ये ५० विहिरी असतील तर घनता ०.२५, तिचे वर्गमूळ ०.५ आणि अपेक्षित अंतर १ किलोमीटर. प्रत्यक्ष सरासरी अंतर ०.६२ किलोमीटर आले तर निर्देशांक ०.६२ होतो, म्हणजे विहिरी काहीशा एकवटलेल्या आहेत. आता याच विहिरींभोवती ८०० चौरस किलोमीटरची चौकट आखा: घनता ०.०६२५, अपेक्षित अंतर २ किलोमीटर, निर्देशांक ०.३१. एकही विहीर जागची हलली नाही, तरी त्या दुप्पट "एकवटल्या". म्हणून हा निर्देशांक सांगताना क्षेत्राची सीमा कशावरून घेतली तेही सांगणे बंधनकारक मानावे. आपल्या उदाहरणात खोऱ्याची जलविभाजक रेषा ही नैसर्गिक सीमा आहे.

विहिरी कोठे आहेत हे झाले. त्यांतील पाण्याची खोली शेजाऱ्यांशी मिळतीजुळती आहे का, हा दुसरा प्रश्न. जवळच्या गोष्टी दूरच्या गोष्टींपेक्षा परस्परांशी अधिक निगडित असतात, हे वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्ये म्हटले आणि पुढे तो भूगोलाचा पहिला नियम म्हणून ओळखला जाऊ लागला. हे साधर्म्य मोरान निर्देशांकाने मोजतात. शेजारी सारखे असतील तर तो धन येतो. काहीच नाते नसेल तर तो नेमका शून्य नव्हे, तर एककांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येने −१ ला भागून मिळणाऱ्या मूल्याजवळ असतो, म्हणजे ४० विहिरींसाठी −०.०२६. हा निर्देशांक जिओडा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काही क्षणांत मिळतो. त्याआधी "शेजारी" म्हणजे कोण, २ किलोमीटरच्या आतले सगळे की जवळचे चार, हे आपल्याला ठरवावे लागते आणि अहवालात लिहावे लागते.

सहसंबंध आणि उरलेला फरक

नदीपासूनचे अंतर आणि पाण्याची खोली यांचा विखुरण आलेख आधी काढावा आणि गुणांक नंतर. आलेखात वक्र दिसला तर सरळ रेषेचा गुणांक नात्याची ताकद कमी सांगतो. एकच टोकाचा बिंदू असेल तर तो एकटा गुणांक फुगवू शकतो. समजा गुणांक ०.६ आला. त्याचा वर्ग ०.३६, म्हणजे खोलीतील फरकांपैकी ३६ टक्के भाग अंतराशी निगडित आहे आणि ६४ टक्के भागाचा हिशेब अजून लागायचा आहे. समाश्रयण रेषा (आलेखातील बिंदूंशी सर्वांत जास्त जुळणारी सरळ रेषा) काढल्यावर प्रत्येक विहिरीची प्रत्यक्ष खोली आणि रेषेने सांगितलेली खोली यांतील फरक, म्हणजे अवशेष, वेगळ्या स्तंभात घेऊन त्यांचाच नकाशा करावा. हा नकाशा बहुतेक लोक काढत नाहीत, आणि मला तर सगळ्या कामातला सर्वांत बोलका नकाशा हाच वाटतो. सगळे धन अवशेष खोऱ्याच्या एकाच कोपऱ्यात जमले असतील तर तेथे खडक वेगळा आहे का, उपसा जास्त आहे का, याची विचारणा सुरू करता येते. शिवाय अवशेषांत शेजारसाधर्म्य उरले असेल तर नेहमीच्या सार्थकता चाचणीवर (दिसलेले नाते निव्वळ योगायोगाचे तर नाही ना, हे पाहणारी चाचणी) विसंबता येत नाही, कारण ती चाचणी प्रत्येक विहीर स्वतंत्र साक्षीदार आहे असे धरून चालते, आणि शेजारच्या दोन विहिरी बरेचदा एकच साक्ष दोनदा देत असतात.

न मोजलेल्या जागेचा अंदाज

विहिरींच्या मधल्या जागेतील खोलीचा अंदाज घेण्यासाठी आंतरमूल्यन करतात. सर्वांत सोप्या रीतीत जवळच्या बिंदूला जास्त आणि दूरच्या बिंदूला कमी भार असतो. एका जागेपासून १ किलोमीटरवरील विहिरीत पाणी ५ मीटरवर आणि २ किलोमीटरवरील विहिरीत ८ मीटरवर असेल, तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात १ आणि ०.२५ असे भार मिळतात, (५ × १ + ८ × ०.२५) ला १.२५ ने भागले की ५.६ मीटर. क्रिगिंग ही अधिक प्रगत रीत दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या कामातून आली. डॅनी क्रिग यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि अंदाजाबरोबर त्या अंदाजाची अनिश्चितताही देते. कोणतीही रीत वापरली तरी एकेक विहीर बाजूला ठेवून उरलेल्यांवरून तिचा अंदाज काढावा आणि तो प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावा. विहिरींच्या वेढ्याबाहेरचा भाग नकाशावरून कापून टाकावा. सॉफ्टवेअर चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत रंग भरते, पण त्या कोपऱ्याविषयी आपल्याकडे काहीच माहिती नसते.

नकाशा वाचकापुढे ठेवताना

एकूण संख्या वर्तुळांनी किंवा टिंबांनी दाखवावी. घनता, टक्केवारी आणि दर क्षेत्रघनी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विभाग त्याच्या मूल्यानुसार रंगवून. आणि पाणीपातळीसारखे सलग बदलणारे घटक सममूल्य रेषांनी. एकूण लोकसंख्या क्षेत्रघनी नकाशात रंगवली तर मोठ्या क्षेत्रफळाचा विभाग उगाचच महत्त्वाचा दिसतो.

वर्ग पाडण्याकडे विशेष लक्ष द्यावे. दहा विभागांची घनता ४०, ४५, ५२, ६०, ७५, ९०, ११०, १५०, ४०० आणि ९०० आहे असे समजू. समान अंतराचे चार वर्ग पाडले तर प्रत्येक वर्ग २१५ रुंदीचा होतो, पहिल्या वर्गात आठ विभाग कोंबले जातात आणि तिसरा वर्ग रिकामाच राहतो. समान संख्येचे पाच वर्ग पाडले तर प्रत्येकात दोन विभाग येतात, पण ४०० आणि ९०० एकाच रंगात जातात. नैसर्गिक खंडांची जेंक्स पद्धत (आकड्यांत मोठी दरी पडते तेथे वर्ग तोडणारी) ही दरी सांभाळते, मात्र दोन वर्षांच्या नकाशांची तुलना करायची असेल तर ती वापरू नये, कारण प्रत्येक वर्षाच्या वर्गसीमा वेगळ्या येतात. तेथे गोल आकड्यांच्या ठरावीक सीमा दोन्ही नकाशांना लावाव्यात. चार ते सहा वर्ग पुरे. त्यापुढे रंगछटा डोळ्यांना वेगळ्या ओळखू येत नाहीत.

कमीपासून जास्तीकडे जाणाऱ्या मूल्यांना एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा द्याव्यात. मध्ये एखादी अर्थपूर्ण सीमा असेल, जसे घट आणि वाढ, तरच दोन बाजूंना दोन रंग घ्यावेत, आणि ते लाल-हिरवे नसावेत, कारण रंगांधळेपणात नेमका हाच फरक हरवतो. सिंथिया ब्रूअर यांनी तयार केलेल्या कलरब्रूअर या रंगसंचांपैकी बहुतेकांत याची काळजी घेतलेली आहे आणि ते क्यूजीआयएसमध्येच उपलब्ध आहेत. नकाशाचे प्रमाण (स्केल) अंकांत छापू नये, रेषारूपात दाखवावे. नकाशा लहान-मोठा करून छापला गेला की १ : ५०,००० हे अंक खोटे ठरतात, रेषा मात्र नकाशाबरोबर आकसते आणि वाढते. सूचीत एकक लिहावे, मोजणीचा महिना आणि वर्ष लिहावे, मोजलेल्या विहिरींचे बिंदूही नकाशावर ठेवावेत. मग विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाती तो द्यावा आणि "यात तुम्हांला काय दिसते?" एवढेच विचारून गप्प बसावे.

साठवणूक

शेपफाइल (नकाशाचा थर साठवण्याचा एक प्रकार) म्हणून आपण ज्याला एक फाइल समजतो तो अनेक फाइलींचा संच असतो. त्यातील प्रक्षेपणाची फाइल मागे राहिली की पुढच्या माणसाला थर कोठे बसवायचा ते कळत नाही, आणि स्तंभांची नावेही दहा अक्षरांवर तोडली जातात. जिओपॅकेज या प्रकारात सगळे एकाच फाइलीत राहते, म्हणून तोच निवडावा. क्षेत्रावरून आलेला मूळ तक्ता वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचता येईल अशा स्वरूपात ठेवावा आणि सर्व दुरुस्त्या त्याच्या प्रतीवर कराव्यात. आठव्या विहिरीचा १८ हा आकडा मूळ तक्त्यात १८ च राहू द्यावा. दुरुस्त प्रतीत ५.४९ लिहावे आणि शेजारच्या शेऱ्याच्या स्तंभात "वहीनुसार फूट, मीटरमध्ये बदलले" असे, तारखेसह.